फोटोग्राफीच्या छंदातून व्यवसायाकडे: पहिल्या ऑर्डरपर्यंत कसं पोहोचावं

सोमवतीला जेजुरीत उधळलेला भंडारा, दिवे घाट चढणारी माउलींची पालखी, सप्टेंबरातलं कासचं पठार आणि धुक्यातला एखादा किल्ला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हौशी फोटोग्राफरचं इन्स्टाग्राम उघडा, यातले तीन तरी फोटो सापडतात. चांगलेही असतात. पण तेवढ्या बळावर धंद्यात उतरलेल्याची पहिल्याच लग्नात तारांबळ उडते. छंदात जागा, वेळ, उजेड तुम्ही निवडता. नाही जमलं तर पुढच्या रविवारी परत जाता. ऑर्डरमध्ये मुहूर्त गुरुजींनी काढलेला असतो, दिवे हॉलवाल्याने लावलेले असतात आणि अंतरपाट एकदाच दूर होतो. म्हणून शिकण्याची आखणी एका गोष्टीभोवती करा: आपण न निवडलेल्या उजेडात, ठरल्या मिनिटाला, देण्यालायक फोटो हमखास मिळाला पाहिजे.

१. सामान कमी घ्या, पण तपासून घ्या

सुरुवातीला एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि दोन लेन्स पुरतात: कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी आणि ५० मिमी एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). दुसरी स्वस्त असते आणि कमी उजेडात खरी कामाला येते. फक्त एक लक्षात ठेवा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची चौकट ७५ ते ८० मिमीसारखी आवळून येते. चेहऱ्यासाठी ती उत्तम, पण दोन खोल्यांच्या घरात हळदीचा कार्यक्रम असेल तर पाठ भिंतीला टेकते आणि तरी करवल्या चौकटीत मावत नाहीत.

जुना कॅमेरा घ्यायला हरकत नाही. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं ओळीने आहेत. तिथे जाऊन हातात घेऊन बघा. शटर किती वेळा पडलं आहे ते विचारा. लेन्सच्या मागून मोबाईलचा टॉर्च मारून पुढून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. भाव कितीही कमी असो, ठेवून द्या. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळ्यात ही बुरशी चांगल्या लेन्सलाही धरते. कपाटातली चामड्याची बॅग तिला फार मानवते, म्हणून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला की निर्धास्त.

२. उजेड घरातच शिका

अॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांची व्याख्या कुठल्याही व्हिडिओत मिळेल. ती पाठ करण्यापेक्षा कॅमेरा मॅन्युअलवर टाका आणि भर दुपारी गच्चीवर जा. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवा, आयएसओ १०० आणि शटर १/१०० च्या जवळपास. फोटो बरोबर येतो. मग एफ/८ करा आणि तोच उजेड राखायला शटर किती बदलावं लागतं ते स्वतः काढा. १६ वरून ११, ११ वरून ८, म्हणजे दोन पायऱ्या. उजेड चौपट आत आला, तेव्हा शटर चौपट वेगवान, १/४००. हा हिशोब आठवडाभर केला की बोटं आपोआप वळू लागतात.

पुढची अडचण कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरची. समोर काहीही असलं तरी मीटर ते मध्यम राखाडी धरून मोजतो. त्यामुळे पांढऱ्या धोतर-टोपीतले वारकरी मळकट येतात आणि काळ्या पडद्यासमोरचा गायक भाजल्यासारखा पांढरा. पांढरं जास्त असेल तर एक्स्पोजर एक पायरी वाढवा, काळं जास्त असेल तर कमी करा. नवरीच्या चेहऱ्याचं माप आधी, साडीचं नंतर. लोक अल्बममध्ये चेहरे शोधतात.

३. सराव असा करा की तो कंटाळवाणा वाटला पाहिजे

सरावासाठी देखणी जागा शोधत फिरू नका. तीन गोष्टी घरात बसून करा.

स्टीलचा तांब्या घ्या आणि त्याचा स्वच्छ फोटो काढा. पहिल्या प्रयत्नात त्यात तुम्ही, खिडकी, पंखा, सगळी खोली दिसेल. खिडकीवर पांढरा पंचा ताणा, दोन्ही बाजूंना पांढरी कार्डशीट उभी करा आणि ती पुढेमागे सरकवत राहा. तांब्याच्या कडेला काळी रेघ हवी असेल तर एका बाजूला काळा कागद. वस्तूंच्या फोटोग्राफीचा अर्धा धडा या तांब्यात आहे. उरलेला अर्धा पैठणीत: काठाची जर चकाकली पाहिजे, पण जळता कामा नये.

दुसरा सराव माणसांचा. ओळखीत बारसं, डोहाळजेवण, मुंज असेल तर पाहुणा म्हणून जाताना कॅमेरा न्या, पण स्वतःवर अट घाला: अर्ध्या तासात वीस उपयोगी फोटो, प्रत्येकात डोळे शार्प. तिसरा सराव म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खिडकीशी बसवून गप्पा मारत पोर्ट्रेट काढणं. कॅमेरा बघून ताठ होणाऱ्या माणसाला सैल करणं हे कौशल्य पुस्तकात नाही, आणि त्यालाच गिऱ्हाईक पैसे देतं.

जेजुरीला जायचंच असेल तर जरूर जा, मजा येते. भंडारा उडताना लेन्स बदलू नका. बॉडी आणि लेन्सवर प्लास्टिकचं कव्हर हवंच. हळदीची पूड झूमच्या कड्यात शिरली की दुरुस्तीला जाते.

४. एडिटिंग म्हणजे आधी निवड

फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. हॉलमधले पिवळे, निळे, जांभळे दिवे जेपेगमध्ये दुरुस्त होत नाहीत. लाइटरूम घेणं परवडत नसेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि पुरेशी आहेत. हळदीच्या फोटोत ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेरा आपोआप करतो त्या रंगांच्या दुरुस्तीवर, अजिबात भरवसा ठेवू नका. सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेरा निळा रंग मिसळतो आणि माणसं आजारी दिसतात. केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, हाताने ठरवा. दिवसाच्या उजेडात साधारण ५५००, जुन्या पिवळ्या बल्बखाली ३२००.

निवड निर्दयपणे करा. एकाच क्षणाचे अकरा फोटो दिले म्हणजे गिऱ्हाईक खूश होतं हा गैरसमज आहे. त्याला अकरातून निवडायचं काम लागतं आणि अल्बम सहा महिने रखडतो. गाल गुळगुळीत करण्याची हौसही आवरा.

५. आधी कोणाचा तरी असिस्टंट व्हा

ही पायरी गाळायचा मोह सगळ्यांना होतो. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी शिकवतात, गांधीनगरला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि १९३७ पासूनची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत आहे. वेळ आणि पैसा असेल तर शिकाच. पण लग्नाच्या धंद्यात तुमची पदवी कोणी विचारत नाही, आणि दोन हंगाम असिस्टंट म्हणून राबल्यावर जे कळतं ते वर्गात कळत नाही: गुरुजींशी आधी बोलून विधींचा क्रम विचारून घेणं, मामा नवरीला कुठल्या दाराने आणणार ते बघून ठेवणं, व्हिडिओवाल्याच्या आड न येणं, पंगत उठायच्या आत दोन घास खाऊन घेणं.

काम मागायला जाताना शंभर फोटो नेऊ नका. पंधरा न्या, त्यात निसर्गाचे दोनच. आणि ज्यांच्याबरोबर काम कराल त्यांच्या गिऱ्हाइकाला स्वतःचं कार्ड देऊ नका. गाव छोटं असतं.

नोकरी धरून शिकणाऱ्यांनी कमीपणा मानू नये. सिनेतारकांच्या पोर्ट्रेटसाठी गाजलेले फोटोग्राफर गौतम राजाध्यक्ष लिंटास या जाहिरात संस्थेत बरीच वर्षं नोकरी करत होते. पूर्णवेळ व्यावसायिक फोटोग्राफी त्यानंतरची.

६. पहिली ऑर्डर

आदल्या दिवशी हॉलवर जाऊन या, शक्यतो कार्य ज्या वेळेला आहे त्याच वेळेला. सगळे दिवे लावायला सांगा आणि दहा फोटो काढा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण वेगवान शटरवर, विशेषतः मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या सायलेंट शटरवर, फोटोत काळे आडवे पट्टे येतात. स्टेजवर बसलेल्या माणसांसाठी १/१०० ठेवा, पट्टे बहुधा जातात. अक्षता हवेत थांबलेल्या दिसायला हव्या असतील तर १/५०० लागेल आणि पट्टे परत येतील. तेव्हा शटर १/१०० वरच ठेवून फ्लॅश छताकडे वळवून मारा. छत उंच किंवा काळं असेल तर ही युक्ती चालत नाही, आणि म्हणूनच आदल्या दिवशी जायचं.

यजमानांकडून एक यादी लिहून घ्या: कोणत्या आजीबरोबर फोटो हवाच, कोणते काका परदेशातून आले आहेत. सीमांतपूजन, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, पाठवणी, यांतलं त्यांच्याकडे काय काय होतं हे विचारा. प्रत्येक घरी सगळं होतंच असं नाही. मंगलाष्टकांच्या वेळी तुमची जागा ठरलेली हवी. शेवटच्या ‘सावधान’नंतर अंतरपाट दूर होतो तेव्हा दोघांचे चेहरे एका चौकटीत दिसले पाहिजेत, मागून हार घेऊन धावत येणाऱ्यांत अडकलात तर संपलं.

कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हीवर एकाच वेळी फोटो जाऊ द्या. घरी आल्यावर, कितीही उशीर झाला तरी, झोपायच्या आधी दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा; तिसरी प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. अल्बम पोहोचेपर्यंत कार्ड पुसायचं नाही.

७. भाव आणि कागद

मित्राचं लग्न फुकट करा, पण भेट म्हणून करा आणि तसं सांगा. ‘कितीही द्या’ म्हटलंत की तोच तुमचा भाव होतो.

भाव असा काढा. समजा सामान दोन लाखांचं आहे आणि चार वर्षं टिकेल. वर्षाला पंचवीस ऑर्डर धरल्या तर प्रत्येक ऑर्डरमागे २,००० रुपये निव्वळ सामानाची झीज. त्यावर असिस्टंट, प्रवास, अल्बमची छपाई, आणि एका दिवसाच्या कार्यासाठी एडिटिंगचे तीन दिवस. हे मांडल्यावर कळतं की स्वस्तात करणारा माणूस कमी नफा घेत नाही, तो खिशातून देतो आहे.

करार एका पानाचा पुरतो: तारीख, तास, किती फोटो, कधी मिळणार, अॅडव्हान्स किती, रद्द झालं तर काय. त्यात एक ओळ आवर्जून घाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो, फोटोग्राफर नव्हे. बहुतेकांना हे उलटं वाटतं. म्हणून हक्क कोणाकडे राहणार आणि निवडक फोटो तुम्ही कामाचा नमुना म्हणून दाखवू शकता का, हे लिहून घ्या. लेखी परवानगी असली तरी नवरीला पुन्हा एकदा विचारा.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत होते, करून टाका. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे सुरुवातीला त्याची धास्ती नको. धंद्याचं बँक खातं मात्र पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.

८. चातुर्मासाची तरतूद

नोकरी सोडण्याचा विचार मेमध्ये करू नका, तेव्हा सगळ्यांनाच धंदा सोपा वाटतो. देवशयनी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतात, आणि हप्ते मात्र असतात. हे चार महिने कसे जाणार याचं उत्तर खात्यात दिसलं पाहिजे: एक पूर्ण चातुर्मास लग्नांशिवाय निभावला, मग राजीनामा.

या काळात काम मिळतं ते वस्तूंचं आणि खाण्याचं. पेणच्या मूर्तिकारांना गणपतीच्या आधी कॅटलॉग लागतो, साडीवाल्यांना दसऱ्याच्या आत, घरगुती फराळ विकणाऱ्यांना दिवाळीच्या महिनाभर आधी. हॉटेलांना डिलिव्हरी अॅपवर टाकायला पदार्थांचे फोटो सतत हवे असतात. तिथे दुपारी तीन ते पाचची वेळ मागा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि खिडकीजवळचं टेबल मिळतं. प्रत्येक पदार्थाच्या दोन प्लेट सांगा, एक उजेड लावायला, दुसरी फोटोला. मिसळीवरची तर्री दोन-तीन मिनिटांत मंद दिसायला लागते, तेव्हा शेव शेवटी टाकायची, आणि कॅमेरा आधी तयार.