गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर कसं वाचायचं: कोण वर्गात बसलं, कोण दाराबाहेर राहिलं

झेडपीच्या शाळेला शंभर वर्षं झाली की कमान उभी राहते, स्मरणिका निघते आणि त्यात "गावातल्या सर्व मुलांसाठी शाळा सुरू झाली" असं एक वाक्य हमखास असतं. ते छापायच्या आधी एकदा जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेली वही, उघडून बघा, माझी कळकळीची विनंती आहे.

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. जूनमध्ये जाऊ नका, दाखल्यांची झुंबड असते, दिवाळीनंतर निवांत जा आणि सगळ्यात जुनं रजिस्टर मागा. जुनी पानं मोडीत असू शकतात, मग मोडी वाचणारं कोणीतरी सोबत न्या, कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यापासून असा माणूस तालुक्याला सापडतो. पानं हलक्या हातानं उलटा, कडा लगेच तुटतात.

आता पहिली 100 नावं घ्या आणि वहीत रकाने पाडा: मुलगा की मुलगी, जात, वडिलांचा धंदा, दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख, कारण. कारणाचा रकाना अजिबात सोडू नका, मी पाहिलेल्या एका रजिस्टरात "गुरे राखणेस" असं लिहिलेलं होतं आणि पोरगं दुसरीत होतं, पुढे त्याची नोंदच नाही.

मग बघा त्या वर्षी तुमच्या गावावर राज्य कोणाचं होतं, कारण सगळं त्यावरच ठरतं. मुंबई इलाख्यात, म्हणजे थेट इंग्रजांच्या राज्यातल्या मुंबई प्रांतात, 1860 च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड नावाचा जादा कर बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला होता, म्हणजे शाळेचा पैसा शेतकऱ्याच्या खिशातून जायचा, तरी वर फी होतीच, आणि गरिबाला नादारी, म्हणजे फीमाफी, मिळाली तर मिळाली. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे, म्हणजे सरकारनं नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, हेच मांडलं, की पैसा रयतेच्या घामाचा आणि फायदा वरच्या वर्गाला, आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सरकारनं ऐकलं नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 ला सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं तेही पुढच्या वर्षी 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. 1918 ला कायदा झाला पण तो फक्त नगरपालिकांना सक्ती करायची मुभा देणारा, त्यामुळे इलाख्यातलं खेडं असेल तर त्या सालात "मोफत आणि सक्तीचं" असं लिहू नका.

संस्थानात असाल तर गोष्ट वेगळी. बडोद्यात सयाजीरावांनी 1893 ला अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 ला सगळ्या संस्थानात लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला तसाच कायदा केला, पोरगं शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला महिना एक रुपया दंड, आणि 1919 ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. कोल्हापूरकडचं गाव असेल तर 1919 च्या आधीची आणि नंतरची पानं शेजारी ठेवून जातीचा रकाना बघा, हुकूम गावात खरंच पोचला का ते तिथंच कळतं.

कारण कागदावर दार उघडं असणं आणि पोराला आत घेणं यात फार अंतर होतं. धारवाडला 1856 साली एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला, मिळाला नाही, प्रकरण विलायतेपर्यंत गेलं आणि 1858 ला ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सगळ्यांना खुल्या असल्याचं कळवलं, तरी गावोगावी पुढची कित्येक वर्षं फरक पडला नाही.

आणि नाव सापडलं म्हणजे मूल वर्गात सगळ्यांसारखं बसलं असंही समजू नका. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 ला पहिलीत "भिवा रामजी आंबेडकर" अशी नोंद आहे, नाव आहे, नंबर आहे, सही आहे, पण बसायला गोणपाट घरून आणावं लागायचं आणि नळाला हात लावायची बंदी होती, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. म्हणून गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांना भेटा, "शाळा कशी होती" असं मोघम विचारू नका, तुम्ही कुठं बसायचात, पाणी कोण वाढायचं, पाटी तपासताना गुरुजी हातात घ्यायचे का, असं विचारा. आज्यांना वेगळं विचारा, मुली कधी आल्या आणि कितवीनंतर घरी बसवल्या.

इलाख्यातल्या जिल्ह्यांचे 1880 च्या आसपासचे गॅझेटियर नेटवर आहेत, त्यात शिक्षणाचं वेगळं प्रकरण असतं, ते आपल्या आकड्यांशी ताडून बघा.

स्मरणिकेत आकडे द्या, नावं देऊ नका, आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, जातीचा रकाना असतो आणि त्या घरातली माणसं अजून गावातच राहतात.