रीफ टँकच्या लाईटमध्ये या चुका टाळा

कुणीतरी आपल्या रीफ टँकमधल्या, म्हणजे कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या, पांढऱ्या पडलेल्या कोरलचा फोटो पाठवतं आणि विचारतं, पाण्यात काय बिघडलं असेल? मी आधी विचारतो, लाईट कधी बदललास? बहुतेक वेळा उत्तर तेच, परवाच नवीन एलईडी लावला, शंभर टक्क्यांवर आहे.

ही चूक मी स्वतः केलीये. टी-५ ट्यूब काढून एलईडी लावला तर टँक अंधारा वाटायला लागला, कारण उजेड बराचसा निळा होता आणि निळा उजेड कितीही जोरात असला तरी आपल्या डोळ्याला कमीच वाटतो, कोरलला मात्र तोच सगळ्यात जास्त लागतो. मी पॉवर फुल केली. आठवड्यात ॲक्रोपोरा नावाच्या कोरलचा रंग उडायला लागला, मला वाटलं लाईट अजून पुरत नाहीये, म्हणून फिक्स्चर (टँकवर टांगलेला अख्खा दिवा) आणखी खाली आणलं. तीन वर्षं वाढवलेली कॉलनी पंधरा दिवसात गेली, अजून वाईट वाटतं.

झालं काय होतं, तर कोरलच्या अंगात झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं आणि तेच त्याला अन्न देतं. उजेड एकदम वाढला की हे शेवाळ विषारी ऑक्सिजन बनवायला लागतं, मग कोरल त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. उजेड कमी पडला की उलट, शेवाळ वाढतं आणि कोरल तपकिरी दिसतं (नायट्रेट-फॉस्फेट वाढलं तरी तपकिरी होतं, तेही तपासा). म्हणजे फिकट पडतंय म्हणून लाईट वाढवणं हा सरळ घात आहे.

मी आता नवीन लाईट ४० टक्क्यांवर सुरू करतो, आठवड्याला ५ टक्के वाढवतो, नवीन कोरल आधी तळाला वाळूवर. दोन महिने थांबायची तयारी नसेल तर एसपीएस (ॲक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची कडक कोरल) घेऊ नका, खरंच नका घेऊ.

लिटरला इतके वॅट हा हिशोब ट्यूबच्या काळातला, सोडून द्या. पीएआर, म्हणजे कोरलमधल्या शेवाळाला वापरता येणारा उजेड, बघा: सॉफ्ट कोरलला साधारण ५० ते १००, एलपीएसला (मोठ्या पॉलिपची कडक कोरल) १०० ते १५०, एसपीएसला २०० ते ३५०. आणि मोजायचं ते कोरल बसणार त्या जागी, पाण्याच्या वर नाही. पीएआर मीटर महाग वाटत असेल तर कुणाकडून दोन दिवस मागून आणा, फोनचं लक्स ॲप निळ्या उजेडात फसतं.

मासे छान दिसतात म्हणून एलईडीचा पांढरा आणि लाल चॅनल (त्या त्या रंगाचा उजेड) चढवून बारा-बारा तास ठेवला तर काचेवर शेवाळ येणारच. माझ्याकडे एकूण नऊ तास, त्यातले पाचच फुल.

मोठ्या टँकवर मधोमध एकच फिक्स्चर नको, कॉलनीची सावलीतली बाजू मरते.

लेन्सवर मिठाचा थर बसतो, लाईट बंद करून आरओच्या पाण्याने ओल्या कपड्याने पुसा.

आणि कोरल आधीच पांढरं पडलं असेल तर उजेड लगेच निम्मा करा, त्याला सारखं इकडून तिकडे हलवू नका, कुठलं औषध ओतू नका, संध्याकाळी बारीक खाद्य द्या. मांस शाबूत असेल तर रंग परत येऊ शकतो, पण त्याला कित्येक आठवडे लागतात, कधी महिनेही.