दोन टाक्यांच्या पिकअपमधील पेट्रोलगळती: माझा अनुभव
माझ्या १९८० च्या दशकातील, फ्युएल इंजेक्शनच्या अमेरिकन पिकअपमध्ये डाव्या टाकीवर गाडी चालवताना उजव्या टाकीच्या झाकणाखालून पेट्रोल ओघळू लागले, तेव्हा मी आधी झाकणच बदलले. दोष मात्र टाक्या बदलणाऱ्या सहा तोंडांच्या व्हॉल्व्हमध्ये होता: तो पेट्रोल डावीकडून घेत असे आणि इंजिनाने न वापरलेले पेट्रोल उजवीकडे परत सोडत असे. बॅटरी सोडवून, लाइनमधला दाब उतरवून मी व्हॉल्व्ह काढला आणि डाव्या टाकीच्या पुरवठ्याच्या व परतीच्या लाइन इंजेक्शनचा दाब सोसणाऱ्या होजने थेट इंजिनाकडे जोडल्या. इंधनाच्या काट्याची वायरही त्याच व्हॉल्व्हमधून जात होती, म्हणून ती सरळ डाव्या टाकीच्या सेंडरला (टाकीतील पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाला) जोडावी लागली. उजवी टाकी रिकामी करून उतरवली. पल्ला घटला, पण चॅसीवरचा ओला डाग आता वाळला आहे.