दोन पिशव्या, दोन ट्यूबा: जोडीनं पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन

आधी गणित. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणं, लगेच २० किलोमीटर सायकल आणि लगेच ५ किलोमीटर पळणं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तो याच्या बरोबर दुप्पट अंतराचा. आणि आयर्नमन म्हणून जे प्रकरण ऐकून घरातली मोठी माणसं धास्तावतात, त्यात ३.८ किलोमीटर पोहून १८० किलोमीटर सायकल मारायची आणि वर अख्खी मॅरेथॉन पळायची. हा फरक घरी नीट समजावून सांगा. आमच्या सासूबाईंना पटायला आठवडा गेला, आणि तरी "पण तिन्ही एकाच दिवशी कशाला?" या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

एकट्यानं उतरणाऱ्यांसाठी याद्या ढिगानं मिळतात. ही नवरा-बायकोची. आम्ही दोघं कोथरूडचे, चाळिशी ओलांडलेले. जोडीनं उतरायचं ठरवलं तेव्हा मनातल्या मनात धरूनच चाललो होतो की सामान निम्मं लागेल. स्पर्धेच्या नियमांना मात्र तुमचं लग्न ठाऊक नसतं. तिथे तुम्ही दोन वेगळे नंबर.

पैसे भरायच्या आधी दोघांनी डॉक्टरांकडे जाऊन या. बरेच आयोजक सर्टिफिकेट मागतातच, पण कागदासाठी जाऊ नका, नीट तपासून घ्या. चाळिशीपुढे ईसीजी हवाच. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळातल्या ट्रायथलॉनचा अभ्यास झाला होता. साडेनऊ लाखांहून जास्त स्पर्धक, त्यांत १४ मृत्यू, आणि त्या १४ पैकी १३ पोहताना. आकडा लहान आहे, पण जपायचं कुठे ते कळतं. आमच्याकडे "मला काय धाड भरलीय" म्हणणाऱ्यालाच बीपीची गोळी सुरू झाली.

बारा आठवडे हाताशी ठेवा आणि सरावाच्या तक्त्याआधी डब्याचा तक्ता करा. पहिले तीन आठवडे आमच्याकडे हा पहाटे साडेपाचला तलावावर, आणि मी पोळ्या लाटून, लेकीला क्लासला सोडून, उरलेल्या वीस मिनिटांत गच्चीत दोरीच्या उड्या. दमायचं दोघांनी, सराव मात्र एकाचाच. चौथ्या आठवड्यात फ्रिजवर कागद चिकटला: सोमवार-बुधवार पोहायला तो, डबा माझा, मंगळवार-गुरुवार पोहायला मी, डबा त्याचा. शनिवारी सायकल दोघांची आणि पोळीभाजी विकतची. पुण्यात पोळीभाजी केंद्रांना काय तोटा! म्हणजे आठवड्यातून जोडीनं सराव एकदाच. तेवढा पुरतो, आणि खरं सांगायचं तर तेवढाच झेपतो. त्या कागदावर त्याच्या मंगळवारच्या भाजीच्या रकान्यात शेवटपर्यंत एकच शब्द होता, बटाटा. मी काही बोलले नाही.

पोहायला एकमेकांना शिकवू नका. गाडी शिकवण्याइतकंच ते धोक्याचं आहे. कोच लावा, दोघांना वेगळ्या वेळी. २५ मीटरच्या तलावात ३० वेळा लांबी कापली की ७५० मीटर होतात. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात आहे तसा ५० मीटरचा तलाव मिळाला तर १५ वेळा. पण तलावात दर खेपेला भिंतीला पाय लावून ढकला मिळतो, तळाशी काळी रेघ दिसते. उघड्या पाण्यात भिंतही नाही नि रेघही नाही. म्हणून शेवटचा महिनाभर भिंतीला हात न लावता अलीकडेच वळायचं, आणि दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याच्या वर काढून समोर बघायचं. बॅच पंचेचाळीस मिनिटांची असते आणि लेनच्या टोकाला गप्पा मारत उभी असलेली मंडळी असतातच. त्यांना बोया (उघड्या पाण्यात खुणेला सोडलेले तरंगते फुगे) समजा आणि वळसा घाला. डिसेंबरात सकाळचं पाणी अंगावर काटा आणतं, म्हणून बॅच बुडवू नका. स्पर्धेच्या दिवशी गार पाण्यात श्वास कोंडतो तो अनुभव आधी घेतलेला बरा. खडकवासला धरणात उतरून सराव करायचं डोक्यातही आणू नका. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, आणि तिथे बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

घाबरायला झालं तर काय करायचं, हेही सरावात धरा. उताणं व्हा, चार श्वास घ्या, हात वर करा. कयाक, म्हणजे मदतीची छोटी होडी, जवळ येते. कयाकला किंवा बोयाला धरून दम खाल्लेला चालतो, फक्त तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही. पाण्यात एकमेकांना शोधू नका. बायका आणि पुरुष बहुधा वेगवेगळ्या गटांत सोडतात, आणि गटातल्या सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या असतात. शोधून सापडणार नाही, आणि मान वळवताना पाणी मात्र नाकात जाईल.

सायकल महागडी लागत नाही. माझी साधी हायब्रिड, त्याची रोड बाइक. दोन्ही ब्रेक लागतायत ना, हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, एवढं आधी बघा. उघडं टोक असेल तर सायकली टांगायच्या आवारात, म्हणजे ट्रान्झिशनमध्ये, सायकल आत सोडत नाहीत. शनिवारी पहाटे खडकवासल्याच्या भिंतीपर्यंत जाऊन परत या. सात वाजायच्या आत घरी, कारण त्यानंतर सिंहगड रस्ता सायकलवाल्यांचा राहत नाही. चौपाटीवरच्या कांदाभज्यांकडे बघू नका. (आम्ही दोनदा बघितलं.) घरी आलात की सायकल भिंतीला टेकवून लगेच दोन किलोमीटर पळायचं. याला ब्रिक म्हणतात. पाय दुसऱ्याचे उसने आणल्यासारखे लागतात, गुडघे ऐकत नाहीत, आणि आठ-दहा मिनिटांनी अचानक सगळं सुरळीत होतं. ती आठ-दहा मिनिटं ओळखीची व्हावीत एवढ्यासाठीच हा खटाटोप.

आता ट्यूबा. इथे मी थोडी रेंगाळणार, कारण जोडप्याची खरी गंमत इथेच आहे. वाटेत पंक्चर झालं तर बाहेरच्या कुणाची मदत घेता येत नाही. त्याच स्पर्धेतला दुसरा स्पर्धक मात्र ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान देऊ शकतो. म्हणजे नवरा बायकोला ट्यूब देऊ शकतो. पण ज्याच्यावाचून देणाऱ्याचीच स्पर्धा थांबेल अशी वस्तू द्यायची नाही: चाक, बूट, हेल्मेट, अख्खी सायकल. जागतिक संघटनेच्या नियमात याला शिक्षा आहे ती दोघांना बाद करण्याची. "तू जा पुढे, माझं चाक घे" हा प्रसंग सिनेमात शोभतो. आता आमची गोची बघा. त्याच्या चाकाची ट्यूब वेगळ्या मापाची आणि बारीक व्हॉल्व्हची, माझी जाड व्हॉल्व्हची, मोटारीच्या चाकाला असतो तशी. त्याची ट्यूब मला काडीच्या उपयोगाची नाही. हे आम्हाला सरावात कळलं, वारज्याच्या पुलाखाली, साडेसहाला, जेव्हा एकही पंक्चरवाला उघडा नव्हता. तेव्हा आपापल्या मापाच्या ट्यूबा, आपापले टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), आपापला पंप, आपापल्या सीटखाली. आणि दोघांनी आपापलं चाक स्वतः काढून स्वतः बसवायला शिकायचं. मला पहिल्यांदा पस्तीस मिनिटं लागली, शेवटी नऊ.

शेजारी-शेजारी सायकल चालवत बोलायची सवयही मोडा. पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या बहुतेक स्पर्धांत पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायला बंदी असते, ठराविक मीटर अंतर ठेवावं लागतं. ते किती, हे आयोजकांच्या पत्रकात वाचा. डावीकडून चालायचं, उजवीकडून पुढे जायचं, कानात काही घालायचं नाही.

पिशव्या दोन, वेगळ्या रंगांच्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही रंगीत तालीम केली तेव्हा एकच मोठी बॅग होती, आणि वॉचमनच्या देखत "माझा मोजा कुठंय" यावर जे झालं ते इथे लिहीत नाही. प्रत्येक पिशवीत: दोन गॉगल, कारण पट्टा नेमका त्याच दिवशी तुटतो, नॅपकिन, हेल्मेट, उन्हाचा चष्मा, बूट, त्यांना इलॅस्टिकच्या नाड्या, मोज्यांत थोडी टाल्कम पावडर, नंबर लावायचा पट्टा (सायकलवर नंबर पाठीवर आणि पळताना पोटावर), पाण्याची बाटली, मानेला आणि काखेत लावायला व्हॅसलीन. कपडे पोहण्यापासून पळण्यापर्यंत तेच राहतात, मध्ये बदलायला आडोसा मिळेल असं धरू नका. ट्रायसूट, म्हणजे तिन्हींसाठी एकच घट्ट पोशाख, घेणार असाल तर बायकांनी तो ओला करून, घालून, पळून बघितल्याशिवाय घेऊ नये. मी काळी स्विमिंग टाइट आणि टॉप यावर भागवलं, काही अडलं नाही.

हेल्मेटचा नियम पाठ करा. पाण्यातून आल्यावर आधी हेल्मेट, त्याचा पट्टा खट्कन लागला पाहिजे, मगच सायकलला हात. परत आल्यावर सायकल जागेवर टांगून झाली की मगच पट्टा सोडायचा. ट्रान्झिशनच्या आखलेल्या रेषेच्या आत सायकलवर बसायचं नाही. पार्किंगमध्ये दहा वेळा केलंत तर हात आपोआप करतात. वेळ मोजायची चिप डाव्या घोट्याला बांधा, उजवीकडे साखळी असते.

आदल्या दिवशी मिसळ नको, नवं काहीच नको. वरणभात, लवकर झोप. सकाळी सुटायच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा उपीट, निघताना केळं. एवढ्या अंतराला बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि खिशात दोन खजूर पुरतात.

आणि एक कोरडं माणूस लागतं. याचा विचार आम्ही आदल्या रात्री दहाला केला. दोघंही पाण्यात, तर गाडीची किल्ली कुणाकडे? फोन? मंगळसूत्र घरीच काढून ठेवा, अंगठ्याही. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी गेल्याचं कळतसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी येते." लेकीला घेऊन, थर्मासमध्ये चहा भरून आल्या आणि सतरंजीवर बसून दोन्ही सायकलींवर नजर ठेवून होत्या. त्यांना आधीच सांगून ठेवा की मधे हाक मारून लाडू द्यायचा नाही. बाहेरून मिळालेलं खाणं नियमात बसत नाही. त्यांनी दिलाच. मी घेतला नाही, हे त्यांनी अजून मनात ठेवलंय.

शेवटच्या रेषेचं घरीच ठरवून टाका. हातात हात घालून पोहोचायचं हे आमचं स्वप्न होतं, फोटोसकट. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोला ऑलिंपिकच्या चाचणी स्पर्धेत ब्रिटनच्या जेस लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन पहिल्या-दुसऱ्या आल्या, हात धरून, आणि ठरवून बरोबरी केली म्हणून दोघी बाद झाल्या. जिंकली बर्म्युडाची फ्लोरा डफी. आपल्याकडच्या हौशी स्पर्धेत एवढं ताणत नसतीलही, आयोजकांना विचारून घ्या. आम्ही ठरवलं की कुणी कुणासाठी थांबायचं नाही. त्याचा गट आधी सुटल्यामुळे तो पुढे होता, मी अठरा मिनिटांनी पोहोचले. थांबला असता तर मला राग आला असता, आणि थांबला नाही म्हणूनही क्षणभर आलाच.

नंतरचं थोडंच. सगळे स्पर्धक परतल्याशिवाय सायकली बाहेर काढू देत नाहीत, घाई करू नका. दोन पंप, दोन हेल्मेटं, चार गॉगल मोजून घ्या. चिप परत द्या, नाहीतर पैसे लावतात, तेही दोघांचे. गाडीची किल्ली आईंच्या बटव्यात आहे.