स्कॅनरवरची तळाला चिकटलेली रेघ

गाडीच्या इंजिनाची मोजमापं दाखवणारा स्कॅनर पहिल्यांदा हातात आला तेव्हा लाईव्ह डेटाच्या यादीत दिसेल तो पीआयडी, म्हणजे एकेक मोजमाप, मी निवडायचो. बारा, पंधरा, जमतील तितके, आणि सगळे एकाच ग्राफवर. जितकी माहिती जास्त तितकं निदान पक्कं, अशी माझी समजूत होती. पडद्यावर रंगीत रेघांचा गुंता व्हायचा आणि त्यातून काहीच उलगडायचं नाही.

एक गाडी पेट्रोल जास्त खाते म्हणून आली. मी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज एकत्र लावलं. आरपीएमची रेघ छान हलत होती, सेन्सरची मात्र तळाशी सरळसोट. सेन्सर गेलाय, बदलावा लागेल, असं मी सांगूनही टाकलं. उस्ताद जवळ आले, पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “रेघ नंतर बघ. आधी डावीकडचे आकडे वाच.”

उभ्या पट्टीवर ० ते ६००० होतं. हा साधा, झिरकोनिया प्रकारचा सेन्सर. त्याचं व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या दरम्यान खालीवर होतं. सहा हजारांच्या पट्टीवर ते दिसणार कसं? तो पीआयडी वेगळ्या ग्राफवर घेतला, पट्टी ० ते १ केली, आणि तीच रेघ भराभर वरखाली होऊ लागली. सेन्सर ठणठणीत होता. दोष सापडला तो कूलंटच्या रेघेत, तीही त्याच पट्टीवर तळाला चिकटलेली होती. इंजिन बराच वेळ चालूनही तापमान ६५ अंशांच्या वर जात नव्हतं. थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडाच अडकला होता, इंजिन पुरेसं तापत नव्हतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, इंधन जास्त सोडत होता.

उलटी फसगतही होते. पट्टी ऑटोवर असली की स्कॅनर छोटासा फरक ताणून पडदाभर दाखवतो. ८८ ते ९० अंशांतली साधी चढउतार डोंगरदऱ्यांसारखी दिसते आणि नवा माणूस घाबरतो. म्हणून मी किमान आणि कमाल आकडे हाताने भरतो. ज्या स्कॅनरमध्ये ती सोय नाही, तिथे ग्राफ सोडून सरळ आकडे वाचतो.

आता वेगाचं. मला हा भाग सगळ्यात उशिरा कळला, म्हणून इथे जरा थांबतो. स्कॅनर ईसीएमला एकेका पीआयडीची किंमत विचारतो आणि उत्तर आलं की ग्राफवर एक ठिपका पडतो. दोन ठिपक्यांमधली रेघ स्कॅनरने स्वतः जोडलेली असते, ती मोजलेली नसते. जुन्या गाड्यांत स्कॅनर आणि ईसीएम के-लाईन नावाच्या तारेवर बोलतात, तिथे संवाद सेकंदाला १०.४ किलोबिटने चालतो; नंतरच्या कॅन या जोडणीवर बहुधा ५०० किलोबिटने. के-लाईनवर पंधरा पीआयडी निवडले की प्रत्येकाची पाळी काही सेकंदांनी येते. तेवढ्यात ऑक्सिजन सेन्सर कित्येकदा खालीवर होऊन गेलेला असतो. ग्राफवर मात्र पायऱ्या दिसतात, किंवा चांगला सेन्सर आळशी वाटतो. शंका असलेले दोन किंवा तीन पीआयडी ठेवा, बाकी सगळे काढा. रेघ लगेच भरीव होते.

एखादी रेघ खरंच एकाच जागी खिळली असेल तर ती कोणत्या आकड्यावर आहे ते पाहा. कूलंटची रेघ उणे ४० वर थांबली असेल तर ते तापमान नव्हे. त्या पीआयडीतला तो सगळ्यात खालचा आकडा आहे, बहुतेक वेळा सेन्सरचा कपलर (वायर जोडणारा प्लग) निघालेला किंवा वायर तुटलेली असते. पण काही ईसीएम अशा वेळी स्वतःचा ठरावीक आकडा दाखवतात, तेव्हा रेघ खरी वाटते. याला माझी सोपी कसोटी आहे: गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं.

थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, सेन्सर तपासताना मी ग्राफवर फक्त तोच ठेवतो. चावी ऑन, इंजिन बंद, पेडल अगदी सावकाश तळापर्यंत आणि तसंच परत. रेघ उतरणीसारखी गुळगुळीत हवी. मध्येच बारीक खाच पडली तर पेडल पुन्हा त्याच जागी नेतो. तीन वेळा तिथेच खाच पडली की मगच कपलर आणि वायरिंगला हात लावतो.