मांजराच्या मिशा तुटल्या किंवा गळल्या? या चुका टाळा

मांजराच्या दोन्ही गालांवर मिळून साधारण 24 मिशा असतात, एकेका बाजूला चार ओळींत बाराच्या आसपास. त्यातली एखाददुसरी गादीवर पडलेली सापडली तर घाबरू नका. जुनी मिशी गळते, त्याच जागी नवी येते आणि दोन-तीन महिन्यांत पुरेशी लांब होते. पण एकाच गालावरच्या चार-पाच एकदम गायब असल्या किंवा सगळ्याच अर्ध्यावर तुटलेल्या असल्या, तर कारण शोधायला हवं. इथे बहुतेकांची गफलत होते. मिशीकडे सगळे बघतात, तिच्या बुडाशी असलेली कातडी कुणी बघत नाही.

टोक न बघताच निदान करणं

मांजर पेंगुळलेलं असताना, दिवसाच्या उजेडात, दोन्ही गालांचे जवळून फोटो काढा. धरून ठेवू नका, झटापटीत आणखी दोन तुटतील. निरोगी मिशी बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती असते. आपोआप गळलेल्या मिशीच्या बुडाशी बारीक गाठ दिसते. टोक वाकडं होऊन त्याची गोळी झाली असेल तर झळ लागली आहे. पेटलेल्या शेगडीशेजारून ओट्यावर मारलेली उडी, नाहीतर दिवाळीतली पणती. अशा वेळी भुवयांवरचे लांब केस आणि पंजांचे तळवेही तपासा, कारण भाजलेला तळवा मांजर चाटत बसतं आणि आपल्या लक्षात येत नाही.

टोक बोथट आणि खालची कातडी स्वच्छ असेल, तर कात्री किंवा दुसऱ्या मांजराचे दात. घरात लहान मूल असेल तर कात्रीची चौकशी आधी करा. पिल्लांच्या मिशा कधीकधी आईच चाटता चाटता कुरतडते, भावंडंही खेळात तोडतात. दोन मोठी मांजरं असतील तर सोपी खूण म्हणजे ज्याच्या मिशा शाबूत, संशय त्याच्यावर. डेव्हन रेक्स, कॉर्निश रेक्स आणि स्फिंक्स या जातींत मात्र मिशा मुळातच आखूड किंवा वाकड्या असतात, नाहीतर जवळजवळ नसतातच. तिथे शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

घरातलं मलम लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मिशांसोबत गालावर, कानाच्या कडेला किंवा पंजावर केस गेलेले गोल चट्टे, कोंडा, खपल्या दिसत असतील तर गजकर्णाची शक्यता धरा. पर्शियन मांजरं आणि पिल्लं याला लवकर बळी पडतात. बुरशी केसातच शिरते, म्हणून तो ठिसूळ होऊन तुटतो. औषधांच्या दुकानात गजकर्णासाठी मागितल्यावर हातात पडणाऱ्या कितीतरी मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. त्याने लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, बुरशी आत पसरत राहते. शिवाय चेहऱ्याला लावलेलं मलम मांजर चाटूनच घेणार. टी ट्री तेल आणि कापूर असलेले बाम तर मांजराच्या आसपासही नकोत, ती विषारी आहेत.

डॉक्टर केस वुड्स दिव्याखाली, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली बघतात. काही केस हिरवट चमकतात, पण चमक दिसली नाही म्हणून गजकर्ण नाही असं होत नाही. केसांचं कल्चर करावं लागतं, म्हणजे त्यांवरची बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघावी लागते, आणि अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. उपचार कित्येक आठवडे चालतात, घरातली सगळी मांजरं तपासावी लागतात. हा रोग माणसालाही होतो. तुमच्या हातावर किंवा मुलाच्या मानेवर गोल, खाजरा चट्टा असेल तर ते डॉक्टरांना सांगाच. गळलेल्या केसांत बुरशी महिनोन् महिने टिकते, म्हणून गोधड्या वेगळ्या धुवा आणि केस रोज गोळा करून टाका.

कुत्र्याचं पिसवांचं औषध वापरणं

खाजवून, तोंड भिंतीवर घासून मिशा तुटतात. बारीक फणीने केस विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवा. कडेने तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे. औषध मांजराचंच घ्या. कुत्र्यांच्या अनेक ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो.

हनुवटीवर काळे दाणे असतील तर प्लॅस्टिकची वाटी काढून स्टीलची किंवा चिनी मातीची द्या, रोज धुवा. आणि दूध-भातावर मांजर पोसू नका. केस प्रथिनांचे असतात, मांजराला मांस-मासे किंवा मांजरांसाठीचं पूर्ण खाद्य लागतं.

उरलेल्या मिशा कापून सारख्या करणं

मिशीच्या केसात संवेदना नसते, पण तिचं मूळ साध्या केसापेक्षा बरंच खोल आणि नसांनी वेढलेलं असतं. अंधारात, अरुंद जागेत मांजर त्यावरच अंदाज घेतं. खुंट तसेच राहू द्या. ओढायचा प्रयत्न तर मुळीच नको, तो दुखतो.

कातडी स्वच्छ आणि मांजर खातंपितं असेल तर दोन-तीन महिने वाट बघा. लाली, खपल्या, चट्टे किंवा सतत खाजवणं दिसलं तर त्याच आठवड्यात पशुवैद्याकडे न्या. तोंड सुजलं असेल, भाजलं असेल किंवा मांजराने दिवसभर काही खाल्लं नसेल तर त्याच दिवशी. जाण्याआधी आंघोळ घालू नका, काही लावू नका. त्याने चट्ट्यावरून घ्यायचा नमुना बिघडतो.