मातीच्या शर्यतीसाठी जिप्सीचे हेड निवडताना

हौशी गटात मातीच्या ट्रॅकवर मारुती जिप्सी उतरवायची असेल, तर हेड (सिलिंडरवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) शोधायला बाहेर पडण्याआधी स्पर्धेची नियमावली पूर्ण वाचावी, कारण ज्या गटात पोर्टला (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेला) कानस लावण्यास किंवा दुसऱ्या इंजिनाचे हेड चढविण्यास मनाई आहे, तिथे हा सारा खर्च तपासणीच्या वेळीच वाया जातो. त्यानंतर आपले इंजिन शर्यतीत बहुतांश वेळ किती आरपीएमवर (मिनिटाला किती फेऱ्यांनी) फिरते, ते सरावात पाहून लिहून ठेवावे. जवळजवळ वळणे असलेल्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना जोर लागतो तो मधल्या आरपीएमला. पोर्ट फार मोठे केले की त्यातल्या हवेचा वेग मंदावतो आणि नेमके तिथेच इंजिन कमी पडते. म्हणून मी कंपनीचेच पोर्ट ठेवून फक्त ओतकामाचे खवले आणि गॅस्केटशी (सांध्यातल्या पातळ पट्टीशी) न जुळणाऱ्या कडा काढून घेण्याच्या बाजूचा आहे. ८ व्हॉल्व्हच्या इंजिनावर १६ व्हॉल्व्हचे हेड चढवायचा मोह झाला, तर पिस्टनवरील व्हॉल्व्हसाठीच्या खाचा जुळतात का, हे आधी पाहावे.

जुने हेड घेताना घाई करू नये. माझ्या पहिल्या हेडची पारख मी नुसत्या नजरेने केली होती; दोन व्हॉल्व्ह सीटमधली (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांमधली) केसाएवढी चीर इंजिन तापल्यावरच उघडी पडली आणि सराव अर्ध्यावर सोडावा लागला. तेव्हापासून गरम पाण्यात हवेच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय मी पैसे देत नाही. सरळ पट्टी व फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) हेडचा बाक मोजावा, गाईडमध्ये (व्हॉल्व्हच्या दांड्याच्या नळीत) व्हॉल्व्ह हलवून पाहावा आणि सीट घासून झाल्यावर चेंबरमध्ये (हेडमधल्या ज्वलनाच्या खळग्यात) रॉकेल ओतून ते पोर्टमध्ये झिरपते का, ते तपासावे. किर्लोस्करवाडीपासून कुपवाडपर्यंत यंत्रकामाची उत्तम जाण असलेले कारागीर सांगली जिल्ह्यातच आहेत, त्यामुळे या कामासाठी पुणे गाठण्याचे कारण नाही.

कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते त्याचा, हिशेब मात्र कारागिरावर न सोडता स्वतः करावा. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३२५ सीसी. कॉम्प्रेशन ९.५ हवे असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३८ सीसी असावी लागते आणि १०.५ साठी ३४ सीसी. पूर्ण १ मिलिमीटर फेसिंग मारले (हेडचा तळ तासला), तरी जास्तीत जास्त ४.३ सीसीच कमी होतात. चेंबरचे तोंड बोअरपेक्षा लहान असल्यास त्याहूनही कमी. शिवाय हेड खाली आले की कॅमचे टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ) मागे पडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. म्हणून आधी ब्युरेटने (खुणांच्या नळीतून द्रव ओतून) चारही चेंबर मोजावेत, मगच फेसिंग ठरवावे, आणि जुळणी करताना पिस्टनवर मऊ माती ठेवून इंजिन हाताने फिरवावे आणि दबलेल्या मातीच्या जाडीवरून व्हॉल्व्ह-पिस्टनमधले अंतर मोजावे. इनटेक व्हॉल्व्हला २ व एक्झॉस्टला २.५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर मी ठेवत नाही. शर्यत साताऱ्यात असेल, तर ते समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंच असल्याने तिथे हवा थोडी विरळ असते खरी, पण तेवढ्या भरवशावर कॉम्प्रेशन वाढवू नये.

कृष्णाकाठच्या काळ्या रानातली धूळ गाईड आणि सीट झपाट्याने खाते, तेव्हा एअर फिल्टर आणि त्याचे रबरी सांधे याच यादीत धरावेत. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळावेत. पहिला सराव झाल्यावर टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह व त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) पुन्हा पाहावे आणि चारही सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा दाब मोजून वहीत नोंदवावे, म्हणजे दुसऱ्या शर्यतीआधी आकडा घसरला तर कोणता सिलिंडर उघडायचा, ते लगेच कळेल.